खिलेश्वरीची रिकामी ओळ

आमच्या कराडच्या महिला मंडळात एखाद्या गोष्टीत खोट काढायची असली की पहिलं नाव माझं निघतं. पस्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत नर्स होते. बाई सांगायची, "काही नाही हो सिस्टर, जिन्यावरनं पडले," आणि मी तिच्या जखमेच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचं तोंड बघायचे. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. आता ती दूधवाल्यावर आणि सुनेवर चालते, आणि दोघंही वैतागलेत.

रायपूरच्या बाहेर खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी एक निवासी केंद्र आहे, असं मंडळाच्या कानावर आलं. शाळा सुटलेल्या मुली तिथं राहून ओपन स्कूलची दहावी करतात, शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायला शिकतात, आणि पाळी, गर्भ, बाळंतपण हे सगळं त्यांना आडपडदा न ठेवता सांगतात. आपणही असं काही काढावं का, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आधी शोभाताईंना पाठवू. त्यांना काही सापडलं नाही तर समजायचं, काम खरं आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनातून मला बरं वाटलं. पाच दिवसांचे कपडे भरले आणि निघाले.

तेलीबांधा

रायपूरला माझी मैत्रीण सिंधू असते. आम्ही नागपूरला नर्सिंग एकत्र केलं. ती मूळची वर्ध्याची. रेल्वेतल्या माणसाशी लग्न करून तीस वर्षांपूर्वी इथं आली ती इथलीच झाली. आता तेलीबांध्याला फ्लॅट घेतलाय. गच्चीत उभं राहिलं की तळं दिसतं, आणि तळ्याच्या काठाला इथले लोक खुशाल मरीन ड्राइव्ह म्हणतात. मी म्हटलं, "अगं, समुद्र कुठाय?" सिंधू म्हणाली, "आल्या आल्या सुरू झाली का व तू? चाय तर पी."

तिच्या मुलाशी मी मराठीत बोलले, त्यानं सगळं समजून उत्तरं हिंदीत दिली. "मावशी, आप थक गई होंगी." म्हटलं, बाबा रे, मराठीत थकले असं म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? तो हसला आणि परत हिंदीतच काहीतरी म्हणाला. जेवायला चीला होता, म्हणजे आपलं तांदळाच्या पिठाचं धिरडंच, आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. मी "धिरडं छान झालंय" म्हटलं तर सिंधूला राग आला. तीस वर्षांत बाईनं पक्ष बदललाय.

चीले करत होती ती पुनिया. चाळिशीची बाई, आरंगच्या पुढच्या एका खेड्यातली, पंधरा वर्षं सिंधूच्या घरी कामाला. काही सांगितलं की "हव" म्हणायची, म्हणजे हो. याउपर तिच्या तोंडून मी पहिल्या दिवशी दुसरा शब्द ऐकला नाही. केंद्राची माहिती सिंधूला तिनंच दिली होती, कारण तिच्या गावच्या दोन मुली तिथं होत्या.

संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी फिरायला उतरलो. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची एक नटलेली बाई होती. सिंधू तिच्याकडे बघून गोड हसली आणि मला म्हणाली, "हिनं केसाले काय लावलं पाह्य. झेंडूच्या फुलावानी दिसून राहिलं." माझं तर तोंडचं पाणी पळालं. बाहेर आल्यावर सिंधू म्हणाली, "घाबरतं काहून? इथं मराठीत काही बी बोल, कोणाले समजत नाई. मोठी सोय हाय ते." कराडात असं कुणाविषयी तोंडासमोर बोलले असते तर संध्याकाळपर्यंत घरी भांडण आलं असतं. मला ती सोय फारच आवडली.

केंद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोनं गेले. शहर संपलं की दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची शेतं, मधूनच एखादं महुआचं, म्हणजे आपल्या मोहाचं, झाड आणि त्याखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बायका. आमच्याकडे या दिवसांत ऊस तरी हिरवा असतो. इथं जमीन नुसती पिवळी पडलेली, पण दर गावाला तळं आणि तळ्यात कमळं. ते मात्र मला बघत राहावंसं वाटलं.

केंद्र म्हणजे एक बैठी कौलारू इमारत आणि बाजूला पत्र्याची शेड. फाटकावर पाटी नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगलं काम करणारे लोक पाटी का लावत नाहीत? ते चालवणारी अनुपमा दीदी चाळिशीची, साधी, हळू बोलणारी. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही. तिला पाटीचं विचारलं तर म्हणाली, "मुलींच्या गावात कळलं की इथं काय काय शिकवतात, तर अर्ध्या घरी जातील. म्हणून लावत नाही." उत्तर बरोबर होतं, म्हणून मला आणखीच शंका आली.

पाहुण्यांना लोक आधी स्वयंपाकघर दाखवतात. मी आधी संडास बघते. स्वच्छ होता. कचऱ्याचं झाकण उघडून पाहिलं, कागदात नीट गुंडाळलेले पॅड. गाद्या मोजल्या: बावीस मुली, बावीस गाद्या. पाण्याच्या टाकीवर चढायला निघाले तर अनुपमानं शिडी धरली आणि म्हणाली, "सांभाळून, तिसरी पायरी ढिली आहे." मला काही सापडेना म्हणून माझाच जीव कासावीस झाला.

मग सापडलं. मुली न्याहारीला बसल्या होत्या आणि ताटात रात्रीचा भात, पाण्यात भिजलेला, वर कांदा आणि मीठ. शिळा भात! लेकरांना शिळा भात! मी अनुपमाला हिंदीतून चांगलंच सुनावलं. माझं हिंदी रागात अर्धं मराठी होतं. बावीसच्या बावीस मुली माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम फिसकन हसल्या. ती बासी होती. उन्हाळ्यात इथं गरीब-श्रीमंत सगळे सकाळी हेच खातात, अंगाला थंड पडतं म्हणून. सिंधूनं नंतर सांगितलं की तिचे रेल्वेतले साहेबसुद्धा खातात. मी मान खाली घालून एक वाटी खाल्ली. खरं सांगते, गार आणि छान होती.

मुलींशी बोलायला बसले. पहिली म्हणाली, "पहले हम शरमाते थे, अब नहीं शरमाते." दुसरीही तेच म्हणाली. तिसरीनंही तेच, त्याच चालीत. मी वहीत लिहिलं: पाठ केलेलं. चौथी होती खिलेश्वरी. एकोणीस वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत, ओढणी पोटाशी घट्ट बांधलेली. तिला विचारलं, "तू शरमाती थी?" तर म्हणाली, "आपको क्या जानना है, वो पूछिए ना." मला पोरगी आवडली आणि तिचा संशयही आला, दोन्ही एकदमच.

शेडमध्ये जळालेल्या मोटारींचं काम चालतं. आतली काळी पडलेली तांब्याची तार उपटून काढायची, खाचा घासायच्या, मग नवी तार वेटोळी करून एकेका खाचेत बसवायची. याला त्या वाइंडिंग म्हणतात. शेवटी सगळ्यावर वार्निश घालून तापवायचं. खिलेश्वरीचा हात सगळ्यांत साफ होता. गावातल्या मोटारी दुरुस्तीला रायपूरला येतात, त्या आपण गावातच करू, हे तिच्या मनात पक्कं होतं. सोमवारी तिचा दहावीचा विज्ञानाचा पेपर होता. आठवीत शाळा सुटलेली, मध्ये चार वर्षं भावाची मुलं सांभाळली, वडिलांना कसंबसं पटवून इथं आली. हा पेपर झाला की सुटले, म्हणाली.

मोठ्या खोलीच्या भिंतीवर एक लांब कापड टांगलं होतं. बावीस ओळी, दर ओळीला एका मुलीचं नाव, आणि बारा महिन्यांचे उभे रकाने. पाळी आली की मुलगी आपल्या ओळीत लाल दोऱ्याची एक गाठ घालते. अनुपमा म्हणाली, "मुलींचीच कल्पना. लाज जावी म्हणून. पाहुण्यांना हे फार आवडतं, सगळे फोटो काढतात." मी चष्मा पुसला आणि ओळीनं वाचत गेले. एकवीस ओळी ठीक. खिलेश्वरीच्या ओळीत सुरुवातीला गाठी आणि मग तीन महिने कोरे.

तीन महिने! वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी अनुपमानं मला मुलींचा तास घ्यायला सांगितलं. मी आयुष्यभर बाळंतपणं केलेली बाई, मला काय अवघड? गर्भाशयाचं चित्र काढलं, तारखा कशा मोजायच्या ते सांगितलं, गोळ्या, तपासण्या, रक्त कमी असलं तर काय, सगळं. मुलींनी प्रश्न विचारले तेव्हा मात्र कालचं पाठांतर कुठल्या कुठं गेलं. एकीनं विचारलं, मुलगी झाली तर दोष कुणाचा, ते सासूला कसं पटवायचं? एकीनं विचारलं, नवऱ्याला नाही म्हटलं तर चालतं का? वहीतलं 'पाठ केलेलं' मी गुपचूप खोडलं.

खिलेश्वरीनं हात वर केला. "डॉक्टरनं तारीख विचारली आणि सासू समोर बसलेली असली, तर तिला बाहेर जा म्हणता येतं?"

मी म्हटलं, "येतं. तुझं शरीर, तुझी माहिती. तू सांगशील त्यालाच कळायला पाहिजे. आईलासुद्धा तुझ्या मर्जीशिवाय नाही."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला माझाच अभिमान वाटला.

आणि तासभरानं काय बघितलं? ती शेडमधून तोंड दाबत बाहेर आली आणि भिंतीशी वाकून ओकली. दुपारी जेवली नाही. चार वाजता तळ्याच्या बाजूला पाठमोरी उभी राहून फोनवर हळू आवाजात बोलत होती, मला बघताच फोन ठेवला. ओढणी तशीच घट्ट. आता तुम्हीच सांगा, पस्तीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढलेली बाई याचा काय अर्थ लावेल? अनुपमाला विचारावं असं एकदा आलं मनात, पण लगेच वाटलं, तिला ठाऊक असणार आणि ती झाकत असणार. कुठंतरी पाणी मुरतंय हे नक्की.

संध्याकाळी सिंधूच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं. पुनिया ओट्याशी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत होती. सिंधूचे डोळे मोठे झाले.

"कोणती पोट्टी व?"

"खिलेश्वरी. ती उंच. तीन महिने झालेत सिंधू, मी कापडावर मोजलंय. उलट्याही चालू आहेत."

"अवं माय! कोणाचं असन?"

"मला काय माहीत? पण फोनवर कुणीतरी आहे."

पुनियाच्या हातातली शेंग मोडली, तिनं उचलून ताटात टाकली. आम्ही चहा प्यालो आणि मराठीत खुशाल बोलत राहिलो.

पंडरी

शनिवारी सकाळी सिंधू मला पंडरीच्या कापडबाजारात घेऊन गेली. सुनेला कोसाची, म्हणजे इकडच्या टसर रेशमाची, साडी घ्यायची होती. दुकानदारानं पन्नास साड्या उलगडल्या आणि मी म्हटलं, "असली रेशीम कशावरून? धागा जाळून दाखवा." त्यानं कपाळाला हात लावला, पण एक धागा काढून जाळला. केस जळल्यासारखा वास आला, राख चुरगळली. अस्सल होता. मी म्हटलं, हा धागा अस्सल, बाकीच्या साडीचं काय? सिंधूनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. "मले या बाजारात पुन्हा यायचं हाय," म्हणाली.

तेवढ्यात अनुपमाचा फोन. आवाज तसाच हळू. खिलेश्वरीच्या घरी कुणीतरी फोन करून सांगितलंय की ती पोटुशी आहे, कराडच्या नर्सबाईंनी तपासून सांगितलं. वडील दुपारपर्यंत न्यायला येताहेत. "आपने ऐसा कहा क्या?"

घरी आलो तर पुनिया दारातच उभी. आणि ती बोलली. मराठीत!

"ताई, मी केला फोन. तिच्या मायले. आमच्याच गावची पोट्टी हाय ते. मले लय भेव वाटलं, पोट्टीनं जीवाचं काही करून घेतलं तर? पंधरा वरीस झाले या घरात, समजते मले सगळं."

सिंधू मटकन खुर्चीत बसली. पंधरा वर्षांत या बाईसमोर आपण काय काय बोललो, ते तिला एकेक आठवत असावं. एरवी मी पोट धरून हसले असते. मी पुनियाला म्हटलं, "चूक तुझी नाही गं," आणि तशीच ऑटोत बसले.

ऑटोभर माझ्या डोक्यात एकच होतं. वडील तिला घेऊन गेले तर सोमवारचा पेपर गेला. पेपर गेला की दहावी गेली, आणि एकदा अशा बोभाट्यानं घरी नेलेली मुलगी परत कोण पाठवतंय? महिन्याभरात कुणाच्या तरी गळ्यात बांधतील. आणि हे सगळं माझ्या जिभेला हाड नाही म्हणून.

शनिवार दुपार

अनुपमा फाटकात उभी होती. एवढंच म्हणाली, "मुझसे पूछ लेतीं." मी खरं ते सांगितलं, की मला तुझाही संशय होता. तिनं फाटक उघडलं आणि शेडकडे बोट दाखवलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

खिलेश्वरी शेडमध्ये होती, एका मोटारीवर वार्निश घालत. दारात पाऊल टाकलं आणि त्या वासानं माझ्याच पोटात ढवळून आलं. पदर नाकाला लावून मी तिच्यासमोर उभी राहिले. ती वर बघेना.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "पण ती ओळ रिकामी का आहे?"

तिनं ब्रश खाली ठेवला. बोलणं हिंदीतलं, मी मराठीत लिहिते. "ते कापड आम्ही आमच्यासाठी केलं होतं. आधी झोपायच्या खोलीत होतं. मग पाहुणे यायला लागले, फोटो काढायला लागले. एका साहेबांनी तर नावं वाचून विचारलं, यातली खिलेश्वरी कोण? त्या दिवसापासून मी गाठ घालणं बंद केलं. माझ्या तारखा माझ्या वहीत आहेत."

मी, मूर्ख बाई, हात पुढं केला. "दाखव बघू वही."

"नाही."

"अगं, वही दाखवली तर मी तुझ्या वडिलांना..."

"काल तुम्हीच शिकवलंत. मी सांगेन त्यालाच कळायला पाहिजे. तुम्हाला नाही सांगायचं मला."

तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात फाटकात मोटरसायकल थांबली. तिचे वडील, वाळलेले, डोक्याला गमछा, पाठीमागे बसून आलेले. चालवणारा शेजारी बाहेरच थांबला. माणूस ओरडला नाही, कुणाला शिवी दिली नाही. व्हरांड्याच्या खाली चपला काढून उभा राहिला, खुर्ची दिली तर बसला नाही. अनुपमाला म्हणाला, मुलीला इथं पाठवायला सगळं घर नको म्हणत होतं, मी एकटा हो म्हणालो. आता गावात मला तोंड दाखवायला जागा नाही. एक करा. मॅडम नर्स आहेत, त्यांनी आत्ता तपासावं. काही नसलं तर मी एक शब्द न बोलता परत जातो.

मला हायसं वाटलं. तपासणीची पट्टी केंद्राच्या कपाटात होती, पाच मिनिटांचं काम. मी धावत शेडमध्ये गेले आणि तिला सांगितलं. खिलेश्वरीनं मान हलवली.

"तसं काही नाही. पण तपासणी नाही करणार."

"अगं, पाच मिनिटं! पेपर वाचेल तुझा!"

"आज केली, तर उद्या कुणी काही बोललं की परत करायची? गावात जाऊन मोटारी दुरुस्त करणार आहे मी. लोकांच्या शेतावर, विहिरीवर जाणार. रोज कोणी ना कोणी बोलणार. दर वेळी तपासणी देऊ?"

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? एवढं सोपं असताना हा हट्ट कशाला? आणि लगेच, इतकं होऊनही, मनात आलं: काही नसेल तर नाही का म्हणते? वार्निशचं पटलं, कापडाचं पटलं, पण तो तळ्याकाठचा फोन? माझी मलाच किळस आली, पण आलं खरं मनात. मग दुसरा विचार आला. मी नर्स आहे. बाहेर जाऊन "तपासलं, काही नाही" एवढं म्हटलं की झालं. तो माणूस माझ्यावर विश्वास ठेवेल. बहुतेक नर्सनी असं खोटं कधी ना कधी बोललेलं असतं, चांगल्यासाठी.

ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. खिलेश्वरी म्हणाली, "और झूठ भी मत बोलना. मेरे नाम से नहीं."

मी व्हरांड्यात आले. बावीसमधल्या एकवीस मुली खिडक्यांना लागल्या होत्या. उन्हानं अंगण पेटलं होतं आणि तो माणूस अनवाणी उभा होता. मी म्हटलं, "भाऊ, मी काही तपासलं नाही. आधीही नाही आणि आत्ताही नाही. भिंतीवरच्या कापडात तीन गाठी कमी दिसल्या, त्यावरून मी बोलले. बोलायला नको होतं. सगळी चूक माझी."

"तर है कि नहीं?"

"मला माहीत नाही. तुमची मुलगी नाही म्हणते."

"आप मानती हैं?"

या प्रश्नाला मी पस्तीस वर्षांत कधी बिनपुराव्याचं उत्तर दिलं नव्हतं. रक्त तपासायचं, रिपोर्ट बघायचा, मग मानायचं. माझी खात्री नव्हती, हे इथं लिहूनच ठेवते. पण मी म्हटलं, "मानते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, उन्हानं की कशानं कोण जाणे. मग म्हणाला, "मानना ही था बाई, तो पहले मान लेतीं."

त्याचं हे वाक्य मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

खिलेश्वरी हात पुसत शेडच्या दारात आली होती. तांब्याच्या तारेनं कापलेली बोटं, कपाळाला वार्निश. बापाजवळ आली नाही, तिथूनच म्हणाली, "सोमवार के मोर पेपर हे, ददा. मैं नइ जावंव." माझा पेपर आहे बाबा, मी येणार नाही.

तो चपला घालायला वाकला. चपला घालून झाल्या तरी तसाच उभा. मग विचारलं, "कतका बजे?"

"नौ बजे."

"मैं आहूं," म्हणाला. येईन. मोटरसायकलवर बसला आणि दोघं गेले. लेकीला परीक्षेला सोडायला येणार की तिच्यावर नजर ठेवायला, ते मला कळलं नाही. खिलेश्वरीलाही कळलं नसावं, कारण धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत होती.

मी तिच्याजवळ गेले. हातात हात घ्यावा असं वाटलं, पण धीर झाला नाही.

"आप कब जा रही हैं?" तिनं विचारलं.

"उद्या."

"अच्छा है," ती म्हणाली आणि शेडमध्ये गेली. मोटार वाळवायची राहिली होती.

मी रविवारी निघाले. मंगळवारी घरातून अनुपमाला फोन केला. खिलेश्वरीनं पेपर दिला का, एवढं विचारलं. दिला, म्हणाली. वडील तीन तास शाळेच्या फाटकाबाहेर बसून होते. अनुपमा पुढं काहीतरी सांगू लागली, "और दीदी, वो जो आपका शक था ना, खिलेश्वरी ने मुझे खुद..."

मला ऐकायचं होतं. देवाशप्पथ सांगते, जीव नुसता वळवळत होता. मी म्हटलं, "नको, मला सांगू नकोस," आणि फोन ठेवला.